डब्याचे दुसरे छिद्र

सदर : घर आणि घरपण

घराचे नूतनीकरण करायचे ठरले की घरातील प्रत्येकाची दृष्टी भिंतीच्या रंगाकडे, फरशीच्या चकाकीकडे आणि स्वयंपाकघरातील ओट्याकडे लागते. सांडपाणी कोठून आणि कसे जाणार, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो भाग भिंतीआडचा, फरशीखालचा. तो मिस्त्रीवर सोपवून सारे निश्चिंत होतात. परंतु घराचे स्वास्थ्य दर्शनी फरशीपेक्षा तिच्याखाली दडलेल्या पाइपवर अधिक अवलंबून असते. सांगलीच्या पेठेत तेल-किराण्याचा पिढीजात व्यापार असलेल्या एका कुटुंबाला ही गोष्ट उमगली, तेव्हा नवी फरशी बसून जेमतेम दीड महिना झाला होता.

घर तिसऱ्या मजल्यावरचे, इमारत जुनी. घरात आप्पा आणि अक्का, मुलगा, सूनबाई आणि शाळेत जाणारी दोन नातवंडे. नातवंडांना अभ्यासाची जागा हवी म्हणून मागची गॅलरी बंदिस्त करायचे ठरले. तेथील वॉशिंग मशीन न्हाणीघराच्या कोपऱ्यात हलवायचे होते. जुनी फरशी निघणारच होती, तेव्हा मशीनच्या सांडपाण्याचा पाइप फरशीखालून न्यावा, म्हणजे बाहेर काही दिसणार नाही, असे ठेकेदाराने सुचवले. घरच्यांना ते पटले. दसऱ्यापूर्वी काम पुरे झाले. न्हाणीघर आरशासारखे लखलखू लागले.

पहिली तक्रार सूनबाईंच्या लक्षात आली. मशीन पाणी भरत राही, पण पाणी टबात ठरत नसे. एकीकडून भरे आणि दुसरीकडून निघून जाई. दुरुस्तीवाला आला, मशीन तपासून निर्दोष असल्याचे सांगून गेला. पुढच्या आठवड्यात मशीनने पाणी सोडले की न्हाणीच्या जाळीतून गुडगुड असा आवाज येऊ लागला, कधी साबणाचा फेस वर येऊ लागला. रात्री दुर्गंधी सुटे. धुतलेल्या कपड्यांनाही कुबट वास येई. त्यापाठोपाठ झुरळे दिसू लागली. मुलाने फवारणीचे औषध आणायचे म्हटले, तेव्हा अक्का शांतपणे म्हणाल्या, "ती आली ती वाट आपण उघडी ठेवली म्हणून. आधी वाट बंद करा. जीव मारून घर स्वच्छ होत नाही."

मुलगा गप्प राहिला. परंतु वाट कोणती, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन आटोपून सारे घरी परतले, तोच खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या. त्या एकट्या राहणाऱ्या. वीस वर्षांचा शेजार, सणासुदीला ताटाची देवाणघेवाण. त्यांनी तक्रार केली नाही, केवळ म्हणाल्या, "अक्का, एकदा खाली येऊन बघता का?" त्यांच्या न्हाणीघराच्या छताला ओल आली होती, तिचा डाग वाढत वाढत बाहेरच्या भिंतीवर उतरला होता, आणि त्या भिंतीला लागून असलेल्या कपाटातील लुगडी दमट झाली होती. अक्कांनी त्या लुगड्यांना हात लावून पाहिला आणि त्यांना काय बोलावे ते सुचेना. आपल्या घराचे पाणी दुसऱ्याच्या छतातून उतरते आहे, ही गोष्ट त्यांना दुर्गंधीपेक्षा अधिक लागली.

ठेकेदाराने फोनवर "फरशीच्या सांध्यात पांढरे सिमेंट भरून घ्या" एवढाच सल्ला दिला. तेव्हा आप्पांनी ओळखीच्या एका वृद्ध मिस्त्रींना बोलावले. बीडाच्या पाइपांच्या काळापासून काम केलेले हे गृहस्थ. त्यांनी आल्याबरोबर फरशीला हात लावला नाही. आधी न्हाणीची जाळी उचलून आत विजेरीचा प्रकाश टाकला. जेथे चार बोटे पाणी उभे असायला हवे, तेथे जवळपास कोरडे होते. मग मशीनची नळी पाहिली. ती भिंतीतून निघालेल्या पाइपात खुपसून चिकटपट्टीने घट्ट बांधलेली होती. शेवटी ते शाफ्टच्या खिडकीतून वाकून बराच वेळ पाहत राहिले.

"आप्पा, इथून एक बारीक पाइप वर गच्चीकडे जात होता. तो कुठे गेला?"

"तो होय? त्यातून पाणी जाताना कधी कुणी पाहिलं नाही. नव्या खिडकीच्या आड येत होता, म्हणून पोरांनी कापला आणि तोंडाला बूच मारलं."

मिस्त्री किंचित हसले. "आप्पा, दुकानात तेलाचा डबा फोडताना तुम्ही भोकं किती पाडता?"

"दोन. एक धारेला, एक वाऱ्याला. एकच पाडलं तर तेल गचके खात पडतं, धार धरत नाही."

"मग पोरांनी तुमच्या डब्याचं वाऱ्याचं भोक बुजवलं बघा."

साठ वर्षे तेलाचे डबे फोडलेल्या आप्पांना याहून अधिक स्पष्टीकरणाची गरज उरली नाही. परंतु ज्यांनी डबा फोडलेला नाही, त्यांच्यासाठी ही गोष्ट थोडी उलगडून सांगायला हवी.

प्रत्येक न्हाणीखाली, बेसिनखाली पाइपला एक वळण दिलेले असते. वापरलेले पाणी निघून गेले तरी त्या वळणात थोडे पाणी उभे राहते. हाच ट्रॅप. त्यात उभे राहणारे पाणी हे घराचे कुलूप होय. पलीकडे गटाराची हवा, अलीकडे घराची हवा, आणि मध्ये फक्त हे पाणी. त्याची उंची किमान ५० मिलिमीटर असावी, असा संकेत आहे. एवढ्याशा पाण्यावर दुर्गंधी, विषारी वायू आणि बहुतांशी झुरळेही अडून राहतात.

हे कुलूप तुटते कसे? वॉशिंग मशीन पाणी सोडते ते बेसिनसारखे संथपणे नव्हे. आतील पंप बादलीभर पाणी मिनिटभरात बाहेर फेकतो. पाइप अरुंद असेल तर तो काठोकाठ भरून वाहतो, आणि भरलेला पाइप पुढे सरकताना आपल्या मागची हवा ओढून घेतो. ती हवा कोठून तरी यायलाच हवी. गच्चीपर्यंत गेलेली वायुनळी उघडी असेल तर हवा तिच्यातून येते आणि कोठेही ताण पडत नाही. ती बंद असेल तर ओढ जवळच्या ट्रॅपवर पडते. न्हाणीतील उभे पाणी गुडगुड करीत खेचले जाते आणि कुलूप उघडे पडते. वरच्या मजल्यावरचे पाणी उभ्या पाइपातून वेगाने खाली येतानाही असेच घडू शकते. तळाकडच्या मजल्यांवर याउलट, दाबलेली हवा ट्रॅपमधील पाणी वर उसळवते. म्हणजे वायुनळीतून पाण्याचा थेंबही वाहत नाही, तरी पाण्याचे वाहणे तिच्यावरच अवलंबून असते.

या घरात चुका तीन झाल्या होत्या आणि तिन्ही एकमेकींना पूरक ठरल्या होत्या. वायुनळी कापली, ही पहिली. मशीनसाठी घातलेला पाइप बारीक, जवळजवळ सपाट, आणि त्याला स्वतःचा ट्रॅपच नाही, ही दुसरी. त्यामुळे गटाराची हवा थेट मशीनच्या टबापर्यंत पोहोचत होती आणि कपड्यांना वास येत होता. मशीनची नळी पाइपात हवाबंद बसवली, ही तिसरी. पाण्याने भरलेली नळी दुसऱ्या टोकाला टबातील पाण्याच्या पातळीखाली उतरत असेल आणि मध्ये हवेला शिरकाव नसेल, तर पाणी आपोआप ओढले जाते. डब्यातून नळीने रॉकेल काढताना होते तसे. टबात पाणी न ठरण्याचे कारण हेच होते. मशीन खरोखर निर्दोष होते.

ओलीचे कारण मात्र फरशी उकलल्यावर दिसले. पाइपच्या एका सांध्याला सोल्युशन नीट लागलेलेच नव्हते. ढाळ नसल्याने पाणी तेथे साचून राही आणि तेथून थेंब थेंब खाली उतरे. न्हाणीघराची नवीकोरी फरशी अर्धी फोडावी लागली. सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. आप्पा म्हणाले, "सूनबाई, फरशीचं वाईट वाटून घेऊ नका. चुकीची नोंद खोडून नवी करायला उशीर करू नये. उशिरानं व्याज वाढतं."

दुरुस्तीच्या वेळी मुलाने दोन सोपे उपाय पुढे केले. पहिला असा, की गॅलरीतून पावसाच्या पाण्याचा पाइप खाली जातो, त्यालाच मशीनचा पाइप जोडावा. मिस्त्रींनी नकार दिला. पावसाचे पाणी आणि घरातील सांडपाणी यांच्या वाटा वेगळ्या ठेवलेल्या असतात. पावसाची वाट शुद्धीकरण केंद्राकडे जात नाही. ती नाल्याकडे आणि नाल्यातून नदीकडे जाते. तिच्यात साबणाचे पाणी सोडणे म्हणजे रोजची घाण कृष्णेच्या पात्रात नेऊन टाकणे. शिवाय त्या पाइपला बहुधा ट्रॅप नसतो आणि पावसाळ्यात तो भरून वाहतो, तेव्हा मशीनचे पाणी गॅलरीतच उलटण्याची भीती. कित्येक इमारतींत अशी जोडणी सर्रास दिसते. ती सर्रास दिसते एवढ्याने योग्य ठरत नाही.

दुसरा उपाय म्हणजे बाजारात मिळणारी हवेची एकदिशा झडप. ही झडप पाइपला हवी असलेली हवा आत घेते आणि वास बाहेर येऊ देत नाही. जेथे वायुनळी गच्चीपर्यंत नेणे शक्यच नाही, तेथे तिचा उपयोग होतो. परंतु ती हवा केवळ आत घेते, दाबलेली हवा बाहेर सोडत नाही. शिवाय आतील रबर कधी ना कधी थकते, म्हणून ती भिंतीत गाडून चालत नाही, हाताला येईल अशा जागी ठेवावी लागते. संपूर्ण इमारतीची वायुनळी कापून तिच्या जागी झडप बसवणे हा पर्याय नव्हे. कापलेला पाइप संस्थेचा होता. तो पूर्ववत जोडणे हे घराचे कर्तव्यच होते.

मग जे काम झाले ते असे. मशीनसाठी ५० मिलिमीटर व्यासाचा स्वतंत्र पाइप घातला. त्याला दर मीटरला सुमारे २ सेंटिमीटर ढाळ दिला. त्याला स्वतःचा ट्रॅप बसवला आणि ट्रॅपपासून वर उभा पाइप काढून त्याचे तोंड फरशीपासून पाऊण मीटरवर उघडे ठेवले. मशीनची नळी त्या तोंडात वीतभर सोडून चिमट्याने अडकवली. भोवती हवेला मोकळी फट राहू दिली. पाण्याची वाट आणि नळी यांच्यात ही फट असली की पाणी आपोआप ओढले जात नाही आणि गटार तुंबले तरी घाण पाणी टबात शिरत नाही. ट्रॅपच्या पुढे लगेचच वायुनळी जोडून ती सरळ वर नेली. ही नळी ट्रॅपपासून फार लांब असू नये. अमेरिकेतील एका प्रचलित नियमावलीत २ इंची पाइपसाठी हे अंतर ५ फुटांपर्यंतच मान्य आहे. तसेच ती बेसिनच्या काठापेक्षा वर गेल्याशिवाय आडवी वळवू नये, नाहीतर पाइप तुंबल्यावर सांडपाणी तिच्यात शिरते आणि कचरा साचून ती बंद होते. शाफ्टमधील कापलेली नळी पुन्हा जोडून गच्चीच्या वर नेली, तिच्या तोंडाला जाळीची टोपी बसवली. वळणावर उघडता येणारा दरवाजाचा बेंड बसवला, कारण कपड्यांचे तंतू आणि साबणाचा चिकटा कधीतरी काढावाच लागतो.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. पुढून कपडे टाकायच्या मशीनला पंप असतो, म्हणून तिची नळी उंच पाइपात सोडता येते; किती उंच, ते मशीनसोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते. अर्धस्वयंचलित मशीनला बहुधा पंप नसतो. तिची नळी जमिनीलगतच ठेवून न्हाणीच्या जाळीवर सोडावी लागते. कोणते मशीन ठेवणार, हे ठरल्याशिवाय पाइपची उंची ठरवू नये.

पाण्याचे हे कुलूप तसे फार जुने नाही. १७७५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने शौचकुपाखाली वळणदार नळी बसवण्याचे पेटंट घेतले. साध्या वळणात पाणी उभे करून वास अडवता येतो, ही त्याची कल्पना. परंतु नुसते वळण पुरत नाही, पाण्याच्या ओढीने तेच रिकामे होते, हे पुढच्या पिढ्यांना अनुभवाने कळले आणि वळणाला वायुनळीची जोड मिळाली.

या चार बोटे पाण्याचे मोल २००३ साली हाँगकाँगमध्ये साऱ्या जगाला कळले. अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्स या आजाराची तीनशेहून अधिक रहिवाशांना लागण झाली. चौकशीत जी कारणे पुढे आली, त्यांत न्हाणीघरांतील कोरडे पडलेले ट्रॅप हे एक प्रमुख कारण होते. तेथील लोक न्हाणीघर पाण्याने धुण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसत, त्यामुळे फरशीच्या जाळीखालील ट्रॅपमध्ये पाणी पडतच नसे. कुलूप सुकले, आणि पंखा लावला की पाइपातील दूषित हवा घरात ओढली जाई. आजकाल आपल्याकडेही कोरडे न्हाणीघर ठेवण्याची आवड वाढते आहे. ती आवड वाईट नाही. परंतु वापरात नसलेल्या प्रत्येक जाळीत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतण्याची सवय तिच्यासोबत लावून घ्यायला हवी.

नूतनीकरण काढणाऱ्या कुटुंबांनी फरशी बसण्यापूर्वी काही गोष्टी स्वतः उभे राहून पाहाव्यात. जुन्या इमारतीतील कोणताही पाइप, त्यातून पाणी जाताना दिसत नसला तरी, तो कशासाठी आहे हे कळल्याशिवाय कापू देऊ नये. शाफ्टमधील सामाईक पाइपला हात लावण्यापूर्वी संस्थेची लेखी परवानगी घ्यावी. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक पाइपची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते आणि घरातील गळती ज्याची त्याने. तेव्हा फरशीखाली लपवलेल्या सांध्याची जबाबदारी अखेर आपलीच असते. पाइप घातल्यावर त्याचे खालचे तोंड बुचाने बंद करावे, वरून पाणी भरावे, पातळीवर पेन्सिलीने खूण करावी आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी पातळी उतरलेली दिसली तर फरशी बसू देऊ नये. सारे ठीक असेल तर पाइपशेजारी मोजपट्टी धरून छायाचित्रे काढावीत आणि ती घराच्या कागदपत्रांत ठेवावीत. पुढे भिंतीत खिळा ठोकताना किंवा गळती शोधताना ती उपयोगी पडतात. शेवटचे पैसे चुकते करण्यापूर्वी मशीन एकदा पूर्ण चालवून पाहावे आणि पाणी सुटताना न्हाणीजवळ उभे राहून कान द्यावा. गुडगुड ऐकू आली तर कोठेतरी हवेची वाट अडली आहे, असे समजावे.

व्यापारी माणसाला हे काही नवे नाही. दुकानात माल येतो त्याची नोंद होते, जातो त्याचीही होते. घरात पाणी घेताना मात्र ते गाळून, जपून घेतले जाते आणि जाताना त्याच्याकडे कोणी पाहत नाही. जाणाऱ्या पाण्याबाबतही तीच दक्षता हवी, कारण ते ज्या वाटेने जाते त्या वाटेवर शेजारी राहतो, पुढे नदी वाहते, आणि असंख्य लहान जीव जगत असतात.

खालच्या काकूंच्या छताला आप्पांनी स्वतःच्या खर्चाने नवा गिलावा आणि रंग करून दिला. लुगडी अक्कांनी वर आणून धुतली, उन्हात वाळवली आणि घडी घालून स्वतः खाली नेऊन दिली. मार्गशीर्षात सारे कुटुंब महिनाभरासाठी सम्मेदशिखरजीच्या यात्रेला निघाले. अक्का किल्ली द्यायला खाली गेल्या, तेव्हा काकूंनी विचारले, "तुळशीला पाणी घालायचं ना?"

"तुळशीला घाला," अक्का म्हणाल्या, "आणि दर आठवड्याला न्हाणीच्या जाळीतही तांब्याभर ओता. विसरू नका हं."

काकू विसरल्या नाहीत. महिन्यानंतर दार उघडले, तेव्हा बंद घराला नेहमी येतो तेवढाच वास आला, गटाराचा नव्हता. कोपऱ्यातील जाळीखाली चार बोटे पाणी शांत उभे होते.